हेल्पर आणि इलेक्ट्रिशियनमधून एसी-रेफ्रिजरेशन टेक्निशियन कसे घडवावेत?

देखभालवाला:

मंडळी, एका मोठ्या इमारतसमूहाचा देखभाल विभाग मी सांभाळतो. स्प्लिट एसी, व्हीआरएफ (एका आऊटडोअरवर अनेक इनडोअर), चिलर (पाणी गार करणारं यंत्र), स्वयंपाकघराच्या कोल्ड रूम, डीप फ्रीझर, थंडीत गरम हवेसाठी हीट पंप, असं सगळंच आहे. आजवर हे काम बाहेरच्या कंत्राटावर चालायचं. माणूस येतो, गेज लावतो, "गॅस कमी आहे" म्हणतो, भरतो, जातो. पुढच्या हंगामात तेच युनिट, तीच तक्रार. गळती कुठे होती हे कागदावर कधीच येत नाही.

आता वरून मान्यता मिळाली आहे की आपलीच माणसं तयार करायची. माझ्याकडे इलेक्ट्रिशियन आहेत, प्लंबर आहे, बरीच वर्षं फिल्टर धुणारे आणि शिडी धरणारे हेल्पर आहेत, कोल्ड रूमचे ऑपरेटर आहेत. सगळ्यांना एकदम घेणं शक्य नाही. आधी कोणाला घ्यावं? वर्गात बसवून सुरुवात करावी की थेट युनिटवर? माणूस एकटा कॉलवर पाठवण्याइतका तयार झाला हे कशावरून ओळखायचं? आणि आमच्या लेखा विभागाचा प्रश्न: शिकून दुसरीकडे गेला तर?

माझा कल सांगतो. ही हातानं काम करणारी माणसं आहेत, फळ्यावरच्या आकृत्यांत त्यांचं मन रमणार नाही. आधी हात बसू द्यावा, शास्त्र मागाहून सवडीनं. अनुभवी लोकांनी स्पष्ट लिहावं.

रिमोट हरवला:

पहिला धडा माझ्याकडून. "थंड होत नाही" असा कॉल आला की टूलबॅग उघडायच्या आधी रिमोट बघायचा. फॅन मोडवर ठेवलेला एसी जगातला कुठलाही टेक्निशियन थंड करू शकणार नाही. बाकी जाणकार येतीलच, मी वाचायला बसलोय.

जुना फिटर:

देखभालवाला, तुमच्या कलाशी मी असहमत आहे, आणि कारण तुमच्याच पहिल्या परिच्छेदात आहे. गॅस भरून जाणाऱ्या त्या माणसाचा हात चांगलाच बसलेला आहे! होज लावणं, सिलिंडर उघडणं, नट आवळणं तो सफाईनं करतो. सक्शनचं, म्हणजे कंप्रेसरकडे परत जाणाऱ्या पाइपातलं, प्रेशर कमी दिसायला निदान तीन वेगळी कारणं असतात, हे मात्र त्याला कोणी बसून सांगितलेलं नाही.

गॅस खरोखर कमी असेल तर आतल्या, गार होणाऱ्या कॉइलमधला द्रव लवकर संपतो आणि पुढच्या कॉइलभर नुसती वाफ तापत जाते, म्हणून सुपरहीट (वाफ उकळण्याच्या तापमानाच्या वर किती अंश तापली ते) वाढतं. कंडेन्सरमध्येही, म्हणजे बाहेरच्या कॉइलमध्येही, द्रव साठत नाही, म्हणून सबकूलिंग (द्रव त्या तापमानाच्या खाली किती अंश गार झाला ते) घटतं. वाटेत अडथळा असेल, म्हणजे ड्रायर (ओलावा-कचरा अडवणारी गाळणी) चोंदलाय किंवा कॅपिलरी (दाब उतरवणारी बारीक नळी) अर्धवट बंद आहे, तर सुपरहीट वाढतंच, पण द्रव मागे कंडेन्सरमध्ये तुंबतो आणि सबकूलिंग घटत नाही, बऱ्याचदा चढलेलं सापडतं. तिसरं कारण हवेचं. फिल्टर घाण, ब्लोअर मंद, कॉइलवर मळ. कॉइलला उष्णताच मिळत नाही, द्रव पुरता उकळत नाही, सुपरहीट खाली येतं. तिन्ही वेळा सक्शनच्या निळ्या गेजचा काटा खालीच असतो. तिसऱ्या वेळी जो माणूस गॅस भरतो तो द्रव थेट कंप्रेसरमध्ये ढकलायची व्यवस्था करतो.

आणि हे शिकवायला फळा भरून गणित लागत नाही. आर-४१०ए चं युनिट आहे, सक्शनला गेज ११८ पीएसआय दाखवतंय. तक्त्यात बघा, त्या प्रेशरला हा गॅस साधारण साडेचार अंश सेल्सिअसला उकळतो. सक्शन पाइपला क्लॅम्पचा थर्मामीटर लावा, समजा साडेदहा अंश आले. सुपरहीट सहा अंश. वजाबाकी येते त्याला सुपरहीट येतं. हेल्परला पहिल्याच आठवड्यात हे दाखवा, पण चालू युनिटवर उभं करून दाखवा. वर्ग आणि साइट अशी फारकत करण्याची गरज नाही.

मल्टिमीटर:

जुना फिटर यांना +१. फक्त एक पायरी आणखी मागे जाऊ या. गेज लावण्याची वेळ यायच्या आधीच बरेच कॉल सुटतात, कारण दोष विजेचा किंवा हवेचा असतो. शिवाय प्रत्येक वेळी होज जोडताना-काढताना थोडा गॅस जातो, आणि होजमधली हवा आधी काढली (पर्ज केली) नसेल तर ती आत शिरते. छोट्या युनिटमध्ये एवढ्यानंही चार्ज (भरलेल्या गॅसचं माप) बिघडतो. म्हणून माझ्या हाताखालच्या मुलांना नियम आहे: फिल्टर, कॉइल, पंखा, व्होल्टेज, करंट, कपॅसिटर, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, हे वहीत लिहून झाल्याशिवाय गेजला हात नाही.

कपॅसिटरचं मात्र गांभीर्यानं शिकवा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय जिथे तिथे दिसते. ती मोडा. रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचा, व्होल्टेज शून्य आलं हे मीटरवर बघायचं, मग मायक्रोफॅरड मोजायचे. इन्व्हर्टर युनिटमध्ये तर मेन स्विच बंद केल्यावरही बोर्डावरच्या डीसी बसवर (डीसी वीज वाहणाऱ्या भागावर) तीनशेच्या वर व्होल्ट काही मिनिटं टिकून असतात. लेबलवर लिहिलेला वेळ थांबायचं आणि तरीही मोजूनच हात घालायचा. स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. वर गच्चीवर माणूस काम करतोय आणि खाली कोणीतरी ब्रेकर चढवला, हे होऊच द्यायचं नाही.

अजून एक. सिंगल फेज कंप्रेसरच्या सी, एस, आर (कॉमन, स्टार्ट, रन) या तीन टर्मिनलमधला रेझिस्टन्स पहिल्या महिन्यात प्रत्येकाला मोजता आला पाहिजे. आर-एस हा सर्वांत मोठा, आणि तो बाकी दोघांच्या बेरजेइतका. आता गंमत बघा: सी पासून दोन्हीकडे ओपन दाखवतंय, पण आर-एस मिळतोय. नवशिका म्हणतो कंप्रेसर गेला. बऱ्याचदा तो तापलेला असतो आणि आतला ओव्हरलोड (जास्त तापल्यावर सर्किट तोडणारा स्विच) उघडलेला असतो. थंड होऊ द्या, पुन्हा मोजा, आणि तो का तापला ते शोधा. एवढं शिकवलं तरी कितीतरी चांगले कंप्रेसर भंगारात जायचे वाचतील.

पाना पक्कड:

मी प्लंबिंगमधून या कामात आलोय, त्यामुळे धागाकर्त्यांच्या प्लंबरसाठी हा प्रश्न विचारून ठेवतो. गॅस भरण्याआधी पंपानं सिस्टिममधली हवा-ओलावा खेचतात, तो व्हॅक्यूम नक्की किती वेळ मारायचा? एक जण सांगतो पंधरा मिनिटं, दुसरा म्हणतो तासभर, तिसरा म्हणतो काटा खाली गेला की झालं.

मायक्रॉन:

@पाना पक्कड, तिघांचीही उत्तरं सोडून द्या. व्हॅक्यूम घड्याळावर ठरत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्याला जायचंय ५०० च्या खाली. साध्या गेजच्या काट्याला ५०० आणि ५,००० यांतला फरक दिसूच शकत नाही, दोन्ही वेळा तो तळाला टेकलेला असतो. म्हणून वेगळा मायक्रॉन गेज लागतो, आणि तो पंपाजवळ न लावता सिस्टिमच्या बाजूला लावायचा.

खरी परीक्षा पुढे आहे. पंप व्हॉल्व्हनं वेगळा करा आणि बघत बसा. आकडा थोडा चढून एका ठिकाणी थांबला तर आत ओलावा आहे. थांबायचं नावच घेत नसेल तर गळती. ओलावा असेल तर कोरडा नायट्रोजन सोडून पुन्हा खेचा. आर-४१०ए, आर-३२ यांच्या युनिटमध्ये सहसा पीओई (पॉलिओलएस्टर) जातीचं कंप्रेसर तेल असतं. ते हवेतलं पाणी फार लवकर ओढतं, आणि एकदा तेलात मुरलेलं पाणी नुसत्या व्हॅक्यूमनं सहज निघत नाही. म्हणून पाइपांची तोंडं उघडी टाकून दुसऱ्या कामाला निघून जायचं नाही, हेही ट्रेनिंगच.

हे दाखवायला मी एक प्रयोग करतो. काचेच्या बरणीत थोडं पाणी घेऊन तिला पंप जोडतो. खोलीच्या तापमानाला पाणी उकळताना दिसतं. पंचवीस अंशाला ते साधारण २४,००० मायक्रॉनच्या आसपास उकळायला लागतं. डोळ्यांनी बघितलं की व्हॅक्यूम कशासाठी मारतात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रिमोट हरवला:

आग न लावता उकळणारं पाणी! हे बघायला मी त्या वर्गाला यायला तयार आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कोरा कागद:

इथे बहुतेक शिकवणारे लिहितायत, मी शिकणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. मी हेल्पर म्हणून लागलो आणि आता एका टेक्निशियनच्या हाताखाली शिकतोय. आधीच्या नोकरीत (नाव नको) माझं काम म्हणजे सामान वाहणं आणि ड्रेन पाइप साफ करणं. वरिष्ठ गेज लावायचे तेव्हा मला खाली पान्हा आणायला पाठवायचे. विचारलं तर "बघून बघून येईल". बघून आलं नाही, कारण काय बघायचं तेच माहीत नव्हतं.

आत्ताचे वरिष्ठ एक गोष्ट करतात. युनिटपाशी पोचलो की स्वतः काही बोलायच्या आधी मला विचारतात, तुला काय वाटतं? मी चुकीचं सांगितलं तरी मध्ये तोडत नाहीत. मग म्हणतात, हे खरं असेल तर कुठला आकडा कसा यायला हवा? आणि आम्ही तो मोजतो. आकडा जुळला नाही की मलाच कळतं माझा तर्क कुठे घसरला. इतकं कोणत्याही वर्गात शिकलो नाही.

देखभालवाला सर, तुमच्या हेल्परांबद्दल एक विनंती. आकृतीत त्यांचं मन रमणार नाही असं आधीच ठरवू नका. मला सर्किटची आकृती पहिल्यांदा कळली त्या दिवशी मी घरी जाऊन ती पुन्हा काढून बघितली होती.

निळी ज्योत:

कोरा कागद, प्रतिसाद फार आवडला. असेच लिहीत राहा.

आता माझा विषय, ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीवर धातूची कांडी वितळवून पाइप जोडणं. इथे मात्र हात बसावाच लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो. भंगारातले पाइपचे तुकडे गोळा करा आणि शिकाऊ माणसाला त्यावर भरपूर जोड मारू द्या. मग प्रत्येक जोड करवतीनं उभा चिरा. बाहेरून चकचकीत दिसणारा जोड आतून अर्धा कोरडा असतो हे तेव्हाच दिसतं. दोन जोड शेजारी ठेवा, एक आतून नायट्रोजन वाहता ठेवून केलेला, दुसरा तसाच. दुसऱ्याच्या आत काळी खपली दिसेल, तांब्याचा ऑक्साइड. चालू सिस्टिममध्ये तीच खपली सुटून ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते, आणि वर जुना फिटर यांनी लिहिलेला अडथळा तयार होतो. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसवाली कांडी फ्लक्सशिवाय (जोडाची जागा स्वच्छ ठेवणाऱ्या लेपाशिवाय) चालते. पितळ किंवा पोलाद आलं की चांदीची कांडी आणि फ्लक्स. फॉस्फरसची कांडी पोलादावर वापरू नये, जोड ठिसूळ होतो.

आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून वर्कशॉपच्या भिंतीवर लावा: प्रेशर टेस्टला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. आत कंप्रेसरचं तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, माणसं मरतात. फक्त कोरडा नायट्रोजन, आणि तोही रेग्युलेटर लावूनच, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो.

फ्लेअरबद्दल (पाइपचं तोंड फुलवून नटानं आवळलेला जोड) थोडक्यात. टॉर्क पान्हा घेऊन द्या. पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. "घट्ट आवळ" या सूचनेतून जितक्या गळत्या जन्मतात तितक्या सैल नटांतूनही जन्मत नसतील.

हिशेबनीस:

मी मनुष्यबळ विभागात आहे, तेव्हा शेवटच्या प्रश्नाला हात घालते. प्रशिक्षणावर खर्च होतो, अनुभवी माणसाचा वेळ जातो. काही काळ न सोडण्याचा करार लिहून घेण्यात मला गैर काही दिसत नाही, दोन्ही बाजूंना स्पष्टता असते.

जुना फिटर:

करार घ्या, पण त्यानं माणूस थांबतो असं मी बघितलेलं नाही. शिकल्यानंतरही पगार हेल्परचा, पद हेल्परचं आणि हातात दुसऱ्याचा जुना मीटर, अशी स्थिती असेल तर तो करार संपायचे दिवस मोजतो. आणि असा मोजत बसलेला माणूस गच्चीवर एकटा काम करताना मला नको आहे.

हिशेबनीस:

पटण्यासारखं आहे, तरी पूर्ण नाही. पगारवाढ कशाच्या आधारावर द्यायची? "आता येतं त्याला" एवढ्यावर फाइल पुढे सरकत नाही. मला मोजता येणारं काहीतरी द्या.

मल्टिमीटर:

हे द्यायला सोपं आहे. कामांचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याला सही. पहिल्या टप्प्यात सुरक्षित बंद करणं, विजेची मोजमापं, साफसफाई. पुढच्यात सुपरहीट-सबकूलिंग लिहून निदान. त्यानंतर ब्रेझिंग, नायट्रोजनची प्रेशर टेस्ट, व्हॅक्यूम, वजनकाट्यावर चार्ज. सर्वांत शेवटी इन्व्हर्टरचे बोर्ड आणि व्हीआरएफ. सही शिकवणाऱ्यानं करायची नाही, दुसऱ्या टेक्निशियननं काम बघून करायची. प्रत्येक सहीला वेतनश्रेणी जोडा. फाइलही पुढे सरकेल आणि देखभालवाला यांच्या "एकटा कधी पाठवायचा" या प्रश्नाचंही उत्तर मिळेल: ज्या टप्प्यावर सही, त्या टप्प्याच्या कॉलवर एकटा.

हिशेबनीस:

हे चालेल. करार आणि टप्पे दोन्ही ठेवू या. करार मी सोडणार नाही. :)

शीतगृह:

धागा छान चाललाय, पण सगळे एसीवर बोलतायत. शीर्षकात रेफ्रिजरेशनही आहे, आणि त्याची शिस्त निराळी. एसी दोन तास बंद राहिला तर लोक कुरकुरतात. फ्रीझर बंद राहिला तर आतला माल जातो, औषधं असतील तर प्रकरण आणखी गंभीर. म्हणून इथल्या माणसाला आधी डिफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) कळायला हवा. हीटर कधी लागतो, तो बंद केव्हा होतो, ड्रेनचा हीटर गेला तर बर्फ कुठे साचतो, दाराचं गॅस्केट फाटलं तर काय होतं. कॉइलवरचा बर्फ बघून गॅस भरणारे लोक मी बघितले आहेत. दोष दाराच्या रबरात होता.

गॅसप्रमाणे माणसं वेगळी तयार करा. घरगुती फ्रिजमधला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, सामान्य दाबाला उणे पावणेबारा अंशाच्या आसपास उकळतो. फ्रीझरची कॉइल त्याहून थंड असते, म्हणजे चालू असताना लो साइड (कमी दाबाची बाजू) वातावरणाच्या दाबाखाली असते. तिथे गळती असेल तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते! साबणाचं पाणी लावून बुडबुड्यांची वाट बघणारा नवशिका बघतच बसतो. असं युनिट बंद करून, दाब सारखा होऊ देऊन मगच तपासायचं.

अमोनियाचा प्लांट असेल तर एसीवर तयार झालेल्या मुलाला तिथे पाठवूच नका. अमोनिया तांबं खातो, म्हणून सगळे पाइप पोलादाचे. वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, हा त्याचा चांगला गुण, पण हवेत ३०० पीपीएमला (दहा लाख भागांत ३०० भाग) पोचला की जिवाला धोका. मास्क, बाहेर पडायची वाट, वाऱ्याची दिशा, हे सगळं आधी. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या सिस्टिमलाही वेगळं प्रशिक्षण. त्याचं क्रांतिक तापमान (ज्यावर कितीही दाबलं तरी द्रव बनत नाही) फक्त ३१ अंश आणि त्यावेळचा दाब ७४ बारच्या जवळ. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव कोंडला आणि तापला तर पाइप फुटतो.

ओलावा:

अवांतर होईल, पण राहवत नाही. टेक्निशियन तयार करताना तापमानाइतकीच आर्द्रता शिकवा. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा-आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे, ती अडचण होती. आजही "खोली गार आहे पण चिकट वाटतं" या तक्रारीपुढे चांगले चांगले अडखळतात. युनिट गरजेपेक्षा मोठं आहे, लगेच बंद पडतं, कॉइलवर पाणी सुटायला वेळच मिळत नाही. हा दोष गेजवर दिसत नाही. ओल्या आणि कोरड्या बल्बचं तापमान घेऊन आर्द्रतेच्या तक्त्यावर बोट ठेवायला शिकवलं तरच दिसतो.

जाता जाता, आपण "दीड टनाचा एसी" म्हणतो तो टन कुठून आला, हे शिकाऊ मुलं हमखास विचारतात. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तो दर, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक), साडेतीन किलोवॅटच्या थोडं वर.

पाना पक्कड:

हे टनाचं मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं! मी युनिटचं वजनच समजत होतो सुरुवातीला.

ऊबदार:

गरम करण्याच्या बाजूनं मी भर घालतो. हीट पंप उलटा चालणारा एसी आहे एवढं सांगून थांबतात, आणि मग पहिल्या थंडीत कॉल येतात: "आऊटडोअरमधून धूर येतोय". तो डिफ्रॉस्ट असतो. गॅसची दिशा फिरवणारा फोर-वे व्हॉल्व्ह उलटतो, बाहेरची कॉइल गरम होते, साचलेला बर्फ वितळून वाफ उठते. कंट्रोल रूममधल्या माणसालाही हे दाखवून ठेवा, नाहीतर तो अग्निशमन दलाला बोलावेल.

जिथे गॅसवर किंवा तेलावर चालणारी भट्टी किंवा बॉयलर आहे तिथे मात्र हसण्याचा विषय संपतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हीट एक्स्चेंजरला तडा, तुंबलेलं धुराडं, खोलीत ताजी हवा यायला जागा नसणं, हे ओळखता आल्याशिवाय आणि ज्वलनवायूचं मापन करता आल्याशिवाय कोणालाही तिथे एकटं सोडू नये. माझ्या मते ही सही सर्वांत कडक असावी.

मायक्रॉन:

ऊबदार यांच्याशी पूर्ण सहमत. कडकपणाचा विषय निघालाच आहे तर ज्वलनशील रेफ्रिजरंटही (यंत्रात भरायचे पेटणारे गॅस) त्यात घ्या. १९८७ च्या माँट्रियल करारानं ओझोन खाणारे गॅस मागे सारले, २०१६ च्या किगाली दुरुस्तीनं पृथ्वी तापवणारे एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन गॅस) कमी करायचं ठरलं. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-४१०ए ची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट धरतात, आर-३२ ची ६७५ पट, प्रोपेनची तीनच्या आसपास. म्हणजे आपण जसजसे चांगल्या गॅसकडे चाललोय तसतसे पेटणाऱ्या गॅसकडे चाललोय. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. प्रोपेन तर हवेत दोन टक्क्यांच्या थोडं वर गेला की पेटू शकतो, आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत, खड्ड्यात, तळघरात साचतो. सिस्टिममधला गॅस काढून घेणारा जुना रिकव्हरी पंप चालेलच असं नाही, त्यावर त्या गॅसची मान्यता बघावी लागते. सिस्टिममध्ये गॅस असताना ब्रेझिंगची टॉर्च पेटवायची नाही. काढलेला गॅस भरताना सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही, द्रव तापून फुगायला जागा लागते.

युरोपीय संघात एफ-गॅसच्या (फ्लोरिनयुक्त हरितगृह वायू) नियमांखाली आणि अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खाली प्रमाणपत्राशिवाय हे काम करता येत नाही. तुमच्याकडे जे प्रमाणपत्र लागू असेल ते घरच्या प्रशिक्षणाला पर्याय समजू नका आणि घरचं प्रशिक्षण त्याला पर्याय समजू नका. दोन्ही करा.

देखभालवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून आराखडा असा बनतोय. एक जुनं स्प्लिट युनिट वर्कशॉपमध्ये उभं करायचं आणि त्यात मुद्दाम दोष घालायचे: फिल्टरवर पुठ्ठा, कमजोर कपॅसिटर, सेन्सरची वायर सुटलेली, लिक्विड लाइनला अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह. सकाळचा तास तिथे, उरलेला दिवस टेक्निशियनसोबत कॉलवर. मोजमापांची वही सक्तीची, गॅस वजनकाट्याशिवाय भरायचा नाही, आणि गळती सापडल्याची नोंद नसेल तर सिलिंडर स्टोअरमधून मिळणारच नाही. मल्टिमीटर यांचे टप्पे आणि सह्या जशाच्या तशा घेतोय. कोल्ड रूम आणि बॉयलर पहिल्या तुकडीला नाहीत.

जुना फिटर:

सिलिंडर अडवण्याची कल्पना उत्तम. एकच भोक दिसतंय. उन्हाळा लागला, कॉल वाढले की तुमचा "सकाळचा तास" पहिल्यांदा कापला जाईल. प्रत्येक ठिकाणी हेच होतं. वरिष्ठांकडून तो तास आत्ताच लेखी घ्या, आणि तुकडी हंगामाच्या आधी सुरू करा. शिकवणाऱ्या टेक्निशियनचे कॉलही तेवढे कमी करा, नाहीतर घाईत तो पुन्हा "तू पान्हा आण" वर येईल.

निळी ज्योत:

आणि लिक्विड लाइनच्या त्या व्हॉल्व्हला पूर्ण बंद होऊ न देणारा स्टॉप लावा. नवशिका तो पुरता फिरवेल आणि युनिट पंप डाउन होऊन (सगळा गॅस कंडेन्सरकडे साठून) कंप्रेसर व्हॅक्यूममध्ये चालत राहील. लो प्रेशर कटआऊटही (दाब फार उतरला की कंप्रेसर बंद करणारा स्विच) बसवून घ्या.

देखभालवाला:

दोन्ही सूचना घेतल्या. पण माझा पहिलाच प्रश्न राहिला बघा. पहिल्या तुकडीत कोणाला? मी इलेक्ट्रिशियन धरून चाललोय.

फेज सिक्वेन्स:

बराच वेळ वाचत होते, यावर लिहिते. इलेक्ट्रिशियन घ्या, पण सगळी तुकडी त्यांची करू नका. करंट बरोबर आला की त्यांचं समाधान होतं आणि हवेकडे, पाण्याकडे लक्ष जात नाही. मी अशाच एका घरच्या तुकडीतून टेक्निशियन झाले. त्याआधी कोल्ड रूमच्या पाळीवर तापमानाच्या नोंदी ठेवायचे. तुमच्याकडे ऑपरेटर आहेत असं तुम्ही लिहिलंय. रात्रपाळीत दर तासाला आकडे लिहिणाऱ्या माणसाला त्या यंत्राचा नेहमीचा आवाज, डिफ्रॉस्टनंतर किती वेळात तापमान खाली येतं, हे सगळं पाठ असतं. त्याला कारणं तेवढी माहीत नसतात, आणि ती शिकवता येतात.

निवडीसाठी मुलाखत घेऊ नका. प्रत्येकाला एक चालू युनिट आणि एक थर्मामीटर द्या, आणि अर्ध्या तासात जे जे दिसेल ते लिहून आणायला सांगा. ज्यांच्या कागदावर मोजलेलं आणि बघितलेलं असेल, ते घ्या. ज्यांनी थेट "गॅस कमी" लिहिलं असेल त्यांना दुसऱ्या तुकडीत. आणि हार्नेस, हातमोजे सगळ्यांच्या मापाचे मागवा. माझ्या वेळी एकाच मापाचे होते आणि ढिल्या हार्नेसमध्ये मला गच्चीच्या कडेला जाऊ देत नव्हते, योग्यच होतं ते, पण त्यामुळे आऊटडोअरचं काम मी बाकीच्यांच्या बरंच मागाहून शिकले.

कोरा कागद:

फेज सिक्वेन्स ताई, त्या कागदावर हेल्परांनाही बसू द्या म्हणावं. आणि भाषेची अट नको, ज्याला जशी येईल तशी लिहू दे.

देखभालवाला:

नक्की. कागद सोमवारी वाटतोय, हेल्परांसकट सगळ्यांना. कोणी काय लिहिलं ते नावं न घेता इथे टाकीन, मग तुम्हीच सांगा कोणाला घ्यायचं.